अब्रूनुकसानीची नोटीस पाठवण्याआधी: पुरावा, मुदत आणि योग्य दार

रात्री अकरा वाजता सोसायटीच्या सव्वाशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: "दुरुस्ती फंडावर कुणी हात मारला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पार्किंगमधली नवी गाडी बघा, उत्तर मिळेल." नाव कुणाचंच नाही. पण गेल्या महिन्यात नवी गाडी आणलेले गृहस्थ इमारतीत एकच आहेत, आणि फंडाचा हिशेबही त्यांच्याकडेच असतो. अशा वेळी खजिनदार सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. त्याच ग्रुपवर दुप्पट तिखट उत्तर लिहितात, किंवा सकाळी उठून पोलीस ठाणं गाठतात. उत्तर लिहिलं की आपल्यावरच दावा लागायची सोय होते. पोलीस ठाण्यात गेलं की हाती एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद येतो आणि पुढे काही हलत नाही.

हे प्रकरण तडीला न्यायचं असेल तर काय करायचं, ते खाली सांगितलं आहे. उदाहरण सोसायटीचं घेतलं असलं तरी गावच्या ग्रुपला, दवाखान्याला, दुकानाला, शिकवणीला हेच लागू पडतं. बदनामीचा कायदा महाराष्ट्रात आणि गोव्यात एकच आहे.

आधी बघा, ही कायद्याच्या भाषेत बदनामी आहे का

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. मजकूर त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या दंडसंहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं लागतात. व्याख्या जवळपास तीच राहिली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही; नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही जोडली आहे.

बदनामी ठरायला काही गोष्टी एकत्र याव्या लागतात. आरोप तुमच्याबद्दल आहे हे ओळखू यायला हवं. तो तुमच्याखेरीज किमान एका तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचायला हवा. आणि करणाऱ्याचा हेतू तुमचं नाव खराब करण्याचा हवा, किंवा तसं होईल याची त्याला जाणीव हवी. तुमच्या खासगी नंबरवर कुणी शिव्या पाठवल्या आणि दुसऱ्या कुणी त्या वाचल्याच नाहीत, तर ती बदनामी नाही. धमकी असेल, जातिवाचक शिवी असेल, तर वेगळी कलमं आहेत आणि वेगळा रस्ता आहे.

नाव घेतलं नाही म्हणून सुटका होत नाही. वर दिलेल्या मेसेजमध्ये गाडी आणि फंड या दोन खुणा पुरेशा आहेत. मात्र त्या खुणा तुमच्याकडेच कशा बोट दाखवतात, हे फिर्यादीत किंवा दाव्यात उलगडून लिहावं लागतं: गाडी कधी घेतली, आणखी कुणी घेतलेली नाही, खजिनदार कोण. 'हात मारणे', 'चिरीमिरी', 'वरकमाई' हे शब्द आपल्या भागात कोणत्या अर्थाने वापरतात तेही लिहा. 'सगळ्यांना कळतं' असं गृहीत धरून हा भाग गाळला, तर समोरचा वकील "हे दुसऱ्या कुणाबद्दल होतं" एवढंच म्हणेल आणि तुमची पंचाईत होईल.

उपरोधही सुटत नाही. 'झेड हा प्रामाणिक माणूस आहे, त्याने बीचं घड्याळ कधीच चोरलं नाही' असं, चोरीचा संशय पसरवण्यासाठी म्हटलेलं वाक्य खुद्द कायद्यातल्या उदाहरणात आहे. म्हणजे "आमचे खजिनदार इतके सज्जन की त्यांना फंड म्हणजे काय तेच माहीत नाही" हे लिहिणारा स्वतःला हुशार समजत असला तरी कलम त्याला ओळखतं.

'सगळे बिल्डर चोर' हे कुणा एकाला लागत नाही. 'आमच्या कमिटीतले पाचही जण चोर' हे मात्र पाचही जणांना लागू शकतं, कारण घोळका मोजता येण्याजोगा आणि ओळखता येण्याजोगा आहे.

नुसतं मतही बदनामी नसतं. 'हिशेब मांडण्याची पद्धत गचाळ आहे' हे मत झालं. 'तीन लाख खाल्ले' हा घटनेचा आरोप झाला, तो खरा की खोटा हे तपासता येतं. शंका असेल तर वाक्यापुढे 'पुरावा काय?' असं विचारून बघा. प्रश्न शोभला तर ते बहुधा आरोपाचं वाक्य आहे.

पहिले दोन दिवस: फोनला हात लावताना

व्हॉट्सॲपवर पाठवणारा माणूस साधारण अडीच दिवसांपर्यंत आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो, आणि ग्रुप ॲडमिनही पुसू शकतो. ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर घड्याळ आधीच टिकटिकतंय. म्हणून उत्तर द्यायची खुमखुमी आली तरी आधी हे करा.

मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, पण त्याच्या वरचे आणि खालचे चार-पाच मेसेजही दिसू द्या. कात्री लावलेला तुकडा कोर्टात संशय निर्माण करतो. मग पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या. पडद्यावरचं नाव तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं, त्याला पुरावा म्हणून किंमत नाही, नंबरला आहे. ग्रुप इन्फो उघडून ग्रुपचं नाव, सभासदांची संख्या आणि ॲडमिन दिसतील असा तिसरा घ्या. मेसेज किती जणांपर्यंत गेला याचा हा तुमचा आकडा. त्यानंतर होम स्क्रीनपासून सुरू करून मेसेजपर्यंत जाणारं सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि शेवटी 'एक्सपोर्ट चॅट' करून फाइल स्वतःला मेल करा. व्हॉइस नोट असेल तर मूळ ऑडिओ फाइल जपा, दुसऱ्या फोनवर वाजवून केलेलं रेकॉर्डिंग नको.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर काय होतं? तिथे स्क्रीनशॉटइतकीच लिंक महत्त्वाची. फेसबुकवर पोस्टच्या वेळेवर टिचकी मारली की त्या एकट्या पोस्टची लिंक मिळते, ती कॉपी करा. खात्याचं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही घ्या. पोस्ट संपादित केली असेल तर बदलांचा इतिहास उघडून त्याचेही फोटो घ्या. यूट्यूबवर नेमक्या कोणत्या मिनिट-सेकंदाला काय म्हटलं ते लिहून ठेवा. कोर्टाला वीस मिनिटांचा व्हिडिओ देऊन 'यात बदनामी आहे' म्हणून चालत नाही.

मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याच्या छापील किंवा पेनड्राइव्हवरच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग त्या उपकरणाचा ताबा असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची माहिती आणि फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला असा अंक-अक्षरांचा क्रम की एक अक्षर बदललं तरी तो क्रम बदलतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, म्हणजे जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. हॅश लगेच काढून ठेवा. सहा महिन्यांनी काढला तर मधल्या काळात फाइलला काय झालं, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

आता माणसं. मेसेज वाचलेले दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि ते तुमचे सख्खे नातेवाईक नसावेत. 'मी मेसेज वाचला' एवढं त्यांनी सांगून भागत नाही. 'वाचून मला वाटलं हे खजिनदारांबद्दल आहे, आणि मला त्यांच्याविषयी शंका आली' हे सांगणारा साक्षीदार सोन्याचा. कारण बदनामी दुसऱ्याच्या नजरेतून उतरण्यात असते. तुम्हाला रात्रभर झोप आली नाही, हे खरं असेलही. त्याने प्रकरण सिद्ध होत नाही.

शेवटी, आरोप खोटा असल्याचे कागद एका फायलीत घाला: ऑडिट अहवाल, बँकेचं पासबुक, गाडीच्या कर्जाची कागदपत्रं.

पोलीस ठाणं, आणि तिथे काय मिळत नाही

अब्रूनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस एफआयआर घेणार नाहीत, अटक करणार नाहीत, आणि यात त्यांचा आळस नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी खटल्यात १३ मे २०१६ रोजी हे कलम घटनेला धरून आहे असं ठरवलं, तेव्हाच हेही सांगितलं की अशा प्रकरणात एफआयआर होत नाही आणि मॅजिस्ट्रेटही तसा आदेश पोलिसांना देऊ शकत नाहीत. बदनामी झालेल्यानेच मॅजिस्ट्रेटपुढे खासगी फिर्याद करायची.

एनसी नोंदवली तर बिघडत नाही. तारखेचा एक कागद तयार होतो, एवढंच. मजकुरात याहून गंभीर काही असेल तर मात्र पोलिसांकडेच जा. बाईच्या शीलाविषयी घाणेरडा शेरा, मॉर्फ केलेला किंवा खासगी फोटो, 'पैसे दे नाहीतर व्हायरल करतो' अशी धमकी, तुमच्या नावाचं बनावट खातं, किंवा लोकांसमोर केलेली जातिवाचक अवहेलना, ही वेगळी प्रकरणं आहेत. त्यांसाठी पोलीस ठाणं, सायबर पोलीस किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल हाच रस्ता. त्या तक्रारीत 'बदनामी' हा शब्द ठळक आणि बाकीचं बारीक लिहिलं की अर्ज एनसीच्या ढिगात जातो. उलटं लिहा.

एक वर्ष म्हणजे एक वर्ष

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत एक वर्ष आहे. लिहिलेल्या बदनामीला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून, बोललेल्या बदनामीला साधारणपणे शब्द उच्चारल्यापासून. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज दिवाणी दाव्याला चालत नाही. मेसेज १२ मार्च २०२६ चा असेल तर दावा १२ मार्च २०२७ पर्यंत दाखल झालाच पाहिजे. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी. नोटीस पाठवल्याने, तडजोडीची बोलणी सुरू असल्याने किंवा समोरचा 'बघू, दिवाळीनंतर बसू' म्हणाल्याने हे वर्ष थांबत नाही. सगळ्यात जास्त दावे मरतात ते या दिवाळीनंतरच्या बैठकीत.

इंटरनेटवरचा मजकूर रोज दिसतो, म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असा एक गोड समज आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो नाकारला: मोजणी पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तेव्हापासून. कुणी नव्याने शेअर केलं तर त्या शेअर करणाऱ्याची जबाबदारी वेगळी.

फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं मिळतात. त्यामुळे बरेच जण वर्ष उलटल्यावर वकिलाकडे येतात आणि भरपाईचा रस्ता बंद झालेला असतो.

नोटीस: काय मागायचं आणि कसं

खासगी माणसाविरुद्ध जायचं तर आधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. सरकार किंवा सरकारी नोकराविरुद्ध त्याच्या अधिकाराच्या कामाबद्दल दिवाणी दावा असेल तर दोन महिन्यांची नोटीस लागते. तरीही नोटीस द्यावी असं आमचं मत आहे, कारण बहुतेक शहाणी प्रकरणं तिथेच मिटतात. सात ते पंधरा दिवसांची मुदत पुरते.

नोटिशीत मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. अशुद्ध लेखन, अर्धवट वाक्य, इमोजी, सगळं. 'माझी बदनामी करणारा मजकूर टाकला' असं मोघम लिहिलेली नोटीस वाचूनच समोरच्या वकिलाला कळतं की हातात फारसं काही नाही. तारीख, वेळ, ग्रुपचं नाव लिहा. मग आरोप खोटा कसा, ते दोन-तीन वाक्यांत. मग मागणी.

मागणीत माफीचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. उदाहरणार्थ: "दि. १२ मार्च २०२६ रोजी या ग्रुपवर मी दुरुस्ती फंड आणि नवी गाडी यांविषयी जे लिहिलं ते खरं नाही. माझ्याकडे त्याला आधार नव्हता. मी ते विधान मागे घेतो आणि खजिनदारांची माफी मागतो." माफी त्याच ग्रुपवर हवी, आणि किमान तीस दिवस पुसली जाऊ नये. तुम्ही मजकूर दिला नाहीत तर "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे" एवढं येतं. त्यात आरोप मागे घेतलेला नसतो. उलट तुम्ही हळवे आहात एवढाच बोध होतो.

नोटिशीत पाच कोटी मागायचे नाहीत. आकडा पुढे दाव्यात सिद्ध करावा लागतो आणि कोर्ट फी त्यावरच भरावी लागते. नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोच झाल्याच्या पुराव्यासह पाठवा, शिवाय मेलने. आणि ती नोटीस ग्रुपवर टाकू नका. त्यात समोरच्याबद्दल जे लिहिलंय ते आता तुम्ही सव्वाशे लोकांना वाचायला दिलं, असा उलटा दावा तयार होतो.

मजकूर खाली उतरवणं

पोस्ट काढून टाकण्यासाठी आधी त्या ॲप किंवा संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि ठरलेल्या मुदतीत तक्रारीचा निकाल देणं कंपनीवर बंधनकारक आहे. निकाल पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. नग्नता, बनावट खातं, मॉर्फ केलेला फोटो अशा तक्रारींवर कंपन्या लवकर हलतात. 'हा आरोप खोटा आहे' या तक्रारीवर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: कोर्टाचा आदेश आणा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने त्यांना तसं म्हणायला आधारही दिला आहे: कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच मजकूर काढणं त्यांच्यावर बंधनकारक.

गूगलवरच्या वाईट रिव्ह्यूबाबत एक सल्ला. ग्राहक खरा असेल आणि 'थाळी बेचव होती, वाढायला अर्धा तास लावला' एवढंच लिहिलं असेल तर शांत, दोन ओळींचं उत्तर द्या. कधीच न आलेल्या माणसाने 'इथे भेसळ करतात' लिहिलं असेल तर ते प्रकरण निराळं. डॉक्टरांनी उत्तर देताना रुग्णाचा आजार, तपासण्या, बिल यांतलं काहीही उघड करू नये. आपली बाजू मांडता मांडता गोपनीयतेचा भंग होतो.

ग्रुप ॲडमिनवर राग काढायची पद्धत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की दुसऱ्या सभासदाच्या मेसेजसाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दाखवावा लागतो. ॲडमिनला साक्षीदार करा, जास्त उपयोग होईल. पुढे पाठवणारा मात्र अडकू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, बदनामीकारक मजकूर नुसता री-ट्वीट करणंही कलमाखाली येऊ शकतं, असं म्हटलं आहे.

वर्तमानपत्र आणि चॅनेल

छापील बातमीसाठी आधी संपादकाला लेखी खुलासा पाठवा आणि तो छापण्याची मागणी करा. छापला नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी ती बातमी आल्यापासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांत. कौन्सिल भरपाई देत नाही, ठपका ठेवतं. पुण्याच्या कोर्टाने २०११ मध्ये माजी सर्वोच्च न्यायालय न्यायाधीश पी. बी. सावंत यांच्या दाव्यात एका वृत्तवाहिनीला १०० कोटी भरपाईचा हुकूम केला होता. नावं मिळतीजुळती असलेल्या दुसऱ्या न्यायाधीशांच्या बातमीत २००८ साली त्यांचा फोटो काही सेकंद दाखवला गेला होता. तो आकडा अपवादच समजा. वाहिन्यांनी त्यातून घ्यायचा धडा दुरुस्तीच्या वेळेचा आहे: चूक लक्षात आणून दिल्यावर फोटो थांबला, पण जाहीर माफी लगेच आली नाही, आणि खटल्यात हा मुद्दा भारी पडला.

दिवाणी की फौजदारी

दोन्ही एकाच वेळी करता येतात. पण दोन्हींचा खर्च, वेळ आणि मनस्ताप निभवायची ताकद फार थोड्यांकडे असते, तेव्हा काय हवंय ते आधी ठरवा. मजकूर काढून घ्यायचा आहे, पुन्हा लिहायला बंदी हवी आहे, धंद्याचं नुकसान भरून हवं आहे, तर दिवाणी. समोरच्याने गुन्हा केल्याचं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं आहे, तर फौजदारी. आमच्या मते सोसायटी आणि गावच्या भांडणांत फौजदारीचा मोह टाळलेला बरा. शेजारी आरोपी झाला की पुढची दहा वर्षं जिन्यात भेटतो.

फौजदारी फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, एक बदल मोठा आहे: कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तिथेच बरीच प्रकरणं तडजोडीवर येतात. तुमचा आणि साक्षीदारांचा पडताळणी जबाबही शपथेवर होतो. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर प्रोसेस, म्हणजे आरोपीला हजर राहण्याचा आदेश, काढण्याआधी चौकशी सक्तीची आहे. सोसायटी नाशिकची आणि लिहिणारा मुलाकडे पुण्यात राहायला गेलेला, तर हा टप्पा विसरू नका. तो वगळून काढलेली प्रोसेस वरच्या कोर्टात टिकणं अवघड जातं. प्रोसेस निघाली की आरोपी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात आव्हान देतो आणि मूळ खटला तिथेच रेंगाळतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालंय, मुंबईची फेरी तरी वाचते.

यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे गैरहजेरी. हा समन्स खटला, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीचा साध्या पद्धतीचा खटला असतो. फिर्यादी तारखेला आला नाही तर, नव्या कायद्याप्रमाणे हजर राहायला तीस दिवस देऊन, आरोपीला निर्दोष सोडता येतं. आणि हे किती काळ चालेल? मेधा पाटकर यांच्याविरुद्धची बदनामीची तक्रार २००१ सालची, खालच्या कोर्टाने त्यांना दोषी धरलं २०२४ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयात विषय संपला ऑगस्ट २०२५ ला. इतकं प्रत्येक वेळी लांबत नाही. पण तारखांची तयारी ठेवूनच उतरायचं.

दिवाणी दावा जिथे मजकूर पसरला तिथे किंवा जिथे प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो. भरपाईची कोर्ट फी रकमेप्रमाणे वाढते आणि ती आधी भरायची असते. म्हणून आकडा पुराव्यातून काढा: रद्द झालेल्या ऑर्डरी, आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची जीएसटी विवरणपत्रं, शिकवणी सोडून गेलेल्या मुलांची नोंदवही. खजिनदारांसारख्या माणसाचं असं मोजता येणारं नुकसान नसेल तर माफक रक्कम आणि कायमचा मनाई हुकूम मागणं शहाणपणाचं.

तात्पुरता मनाई हुकूम सहज मिळेल असं धरून चालू नका. समोरचा 'हे खरं आहे आणि मी सिद्ध करीन' म्हणाला की कोर्टं हात आखडतात. वृत्तलेखावर बंदी घालताना खालच्या कोर्टांनी यांत्रिकपणे आदेश देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात बजावलं. म्हणूनच आरोप खोटा असल्याच्या कागदांची ती फाइल पहिल्या दिवसापासून लागते.

बदनामी झालेली व्यक्ती वारली तर तिच्या भरपाईचा दावा वारसांकडे जात नाही. मृत व्यक्तीविषयी घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने काही लिहिलं तर मात्र जवळचे नातेवाईक फौजदारी फिर्याद करू शकतात.

तुम्हीच तक्रार करणारे असाल तर

आता त्या मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने बघू. समजा फंडात खरंच गडबड आहे. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत, आणि त्यातले दोन त्याच्या कामाचे. एक, सत्य. पण फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं, आणि दोन्ही सिद्ध करायची जबाबदारी सांगणाऱ्यावर. दिवाणीत सत्य एकटं पुरतं. दुसरा अपवाद, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार. सोसायटीच्या हिशेबाबाबत तो अधिकार उपनिबंधकांकडे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशीची मागणी होते. ग्रामपंचायतीच्या कामाबद्दल लिहायचं तर गटविकास अधिकारी.

सद्भावना म्हणजे मन साफ असणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत योग्य काळजी आणि लक्ष दिलेलं असावं लागतं. म्हणून अर्जात लिहा: "१४ लाखांच्या खर्चापैकी ३ लाख १० हजारांची बिलं मला दाखवण्यात आलेली नाहीत. दोनदा लेखी मागणी केली, प्रती जोडल्या आहेत. चौकशी व्हावी." यात 'खाल्ले' हा शब्द कुठेच नाही आणि चौकशीला जे लागतं ते सगळं आहे. हाच अर्ज फोटो काढून ग्रुपवर टाकला की अपवादाचं कवच गळतं, कारण सव्वाशे सभासदांना चौकशीचा अधिकार नाही.

लैंगिक छळाविषयी बोलणाऱ्या स्त्रियांना बदनामीच्या खटल्याची भीती दाखवली जाते. लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष सोडताना म्हटलं की स्त्रीच्या सन्मानाची किंमत देऊन कुणाची प्रतिष्ठा राखता येत नाही. घटना कितीही जुनी असली तरी तेव्हाचे मेसेज, मेल, मैत्रिणीला सांगितलेलं, हे सगळं जपून ठेवा.

आणि तुमच्याच हातात नोटीस पडली तर? घाबरून पोस्ट पुसण्याआधी तिची पूर्ण प्रत घ्या, मग ती उतरवायची की नाही ते वकिलाशी बोलून ठरवा. पुसल्याने झालेलं प्रसिद्धीकरण रद्द होत नाही, पण नुकसान वाढायचं थांबतं. समोरच्याला फोन करून भांडू नका; फोन रेकॉर्ड होतो. नोटिशीला उत्तर न देणं गुन्हा नाही, तरी मुदतीत छोटं उत्तर गेलेलं बरं: काय मान्य, काय अमान्य, कोणत्या कागदाच्या आधारे लिहिलं. तुमचं वाक्य चुकलं असेल तर माफी लगेच आणि त्याच जागी मागा, पण मजकूर वकिलाकडून तपासून घ्या आणि त्याच वेळी 'यापुढे या विषयावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करणार नाही' असं समोरच्याकडून लेखी घ्या. हा गुन्हा तडजोडयोग्य आहे, म्हणून फिर्याद दाखल झाल्यावरही मॅजिस्ट्रेटपुढे दोघांनी सह्या करून प्रकरण मिटवता येतं.